न सांगितलेली गोळी

एचआयव्हीच्या औषधानं माझी किडनी बिघडवली, असं मी बरेच दिवस सांगत होते. माझा आजार ठाऊक असलेल्या मोजक्या माणसांनाच अर्थात. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी केलं.

ते औषध म्हणजे टेनोफोव्हिर. मी ते अनेक वर्षं घेतलं. आधी एफाव्हिरेन्झच्या जोडीनं आणि सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात ‘टीएलडी’ ही एकत्रित गोळी मिळू लागल्यावर डोल्युटेग्राव्हिरच्या जोडीनं. रोज एकच गोळी. २००४ साली सरकारनं मोफत उपचार सुरू केले तेव्हाच्या औषधांनी कुणाचे गाल बसायचे, कुणाचं रक्त उतरायचं. त्या मानानं ही गोळी सोसवणारी होती. माझा मुलगा शिकला तो तिच्या जिवावर, म्हणून तिला नुसती नावं ठेवणं मला जमणार नाही.

हे औषध शरीराबाहेर जातं ते मुख्यतः मूत्रपिंडातून. तिथल्या बारीक नलिकांच्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात आणि लघवीत सोडतात. बहुतेकांचं काही बिघडत नाही. काहींच्या मात्र त्या पेशींत ते साचतं आणि पेशी दुबळ्या होतात. मग शरीरानं परत घ्यायचं फॉस्फेट, साखर, प्रथिनं लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. वय वाढलेलं असेल, वजन कमी असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर धोका जास्त. काही दुखण्याच्या गोळ्यांनी तो आणखी वाढतो.

मी शिवणकाम करते. कंबर आणि टाचा दुखायला लागल्या तेव्हा मशीनवर बसून दुखतंय असं धरून चालले. गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारलं, “दुसरं काही औषध चालू आहे का?” मी म्हणाले, “नाही.” त्यांच्या कंपाउंडरची बायको माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकायची, एवढंच कारण. त्यांनी डायक्लोफिनॅक दिलं ते थोड्या दिवसांसाठी. पुढे मी चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून पाकिटंच्या पाकिटं आणली. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, हे मला माहीत नव्हतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं.

एका आरोग्य शिबिरात लघवीत साखर निघाली. रक्तातली साखर ठीक होती. तिथंही औषधांबद्दल विचारलं आणि तिथंही मी गप्प राहिले. घरी येऊन चहातली साखर बंद केली आणि तो कागद कपाटात ठेवला. रक्तातली साखर वाढलेली नसताना ती लघवीत येते याचा अर्थ नलिका गळताहेत असा असू शकतो. तो कागद केंद्रातल्या डॉक्टरांनी पाहिला असता, तर त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं.

केंद्रात क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली. टीएलडी सुरू करताना समुपदेशक ताईंनी सांगितलं होतं, की डोल्युटेग्राव्हिरमुळे क्रिएटिनिन किंचित वर जातं, त्यानं किडनीला इजा होत नाही. ते खरंच आहे. पण ती वाढ पहिल्या काही आठवड्यांतली असते आणि मग थांबते. माझं कितीतरी नंतर वाढत होतं, आणि मी तेच वाक्य धरून बसले. पुन्हा तपासणीला बोलावलं तर लग्नसराईचं काम पुढे करून गेले नाही.

रिपोर्टवरचा क्रिएटिनिनचा १.२ हा आकडा मला घाबरण्यासारखा वाटला नव्हता. पण नुसता आकडा पुरत नाही, वय आणि वजन धरून हिशेब करावा लागतो. पंचाहत्तर किलोच्या तिशीतल्या पुरुषाला त्याच आकड्यावर ९५च्या आसपास क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग, निघतो. माझं वय शेहेचाळीस, वजन अठ्ठेचाळीस किलो. माझा निघाला ४४. ५०च्या खाली गेलं की टेनोफोव्हिर बदलायचं असतं.

सगळ्यात मोठी चूक त्यानंतरची. गोळीनंच घात केला म्हणून मी रागानं सगळंच औषध बंद केलं. फक्त टेनोफोव्हिर नाही, सगळंच. दबलेला विषाणू पुन्हा वर आला. सोबत हिपॅटायटिस बी असता, तर टेनोफोव्हिर असं अचानक थांबवल्यानं यकृतही धोक्यात आलं असतं. केंद्रात परत गेले तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. कपाटातला कागद, गोळ्यांची पाकिटं, सगळं पाहिलं आणि टेनोफोव्हिरच्या जागी अबॅकाव्हिर दिलं. ताप, पुरळ किंवा धाप लागली तर त्याच दिवशी या, असं दोनदा बजावलं. फॉस्फेट तपासलं तर कमी निघालं. म्हणजे ज्या हाडांच्या दुखण्यासाठी मी पेनकिलर खात होते, ते दुखणंही नलिकांच्या गळतीतून आलेलं असू शकतं.

आता क्लिअरन्स थोडा सुधारला आहे, पण पहिल्यासारखा नाही. विषाणू पुन्हा दबला आहे.

एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं आणि आपल्या संमतीशिवाय आजाराची वाच्यता करणं, दोन्हींना २०१७च्या कायद्यानं मनाई केली आहे. कायदा आहे म्हणून भीती जात नाही, हे मी जाणते. ज्यांना गल्लीतल्या डॉक्टरांना सांगवत नाही, त्यांनी निदान दुखण्याची गोळी घेण्याआधी एआरटी केंद्रात विचारावं, बाहेरचा प्रत्येक रिपोर्ट तिथं दाखवावा, आणि क्लिअरन्स किती आला हे स्वतः विचारून घ्यावं. केंद्र लांब असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा. पण मनानं गोळी बंद करू नका.