खर्ज किती रुपयांना?

स्पीकरच्या खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा आणि त्याच स्पीकरच्या पाठीवरचा आकडा यांची सहसा गाठ पडत नाही. खोक्यावर ठळक लाल अक्षरांत ‘५००० वॅट पीएमपीओ’, आणि पाठीवर, जिथून वायर आत शिरते तिथे, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ४० वॅट’. प्लगातून चाळीस वॅट घेणारे यंत्र पाच हजार वॅटचे गाणे बाहेर टाकत असेल, तर तो शोध स्पीकरच्या दुकानात राहिला नसता. पीएमपीओ कसा मोजायचा याचे कुठलेही सर्वमान्य मानक नाही. सगळे अनुकूल धरून, आवाज फाटला तरी चालेल असे मानून, क्षणाच्या कुठल्याशा तुकड्यापुरता काढलेला तो आकडा असतो. १९९० च्या दशकात भारतात टेपरेकॉर्डर आणि ‘म्युझिक सिस्टिम’ धडाक्याने विकल्या गेल्या, त्यात या आकड्याचा मोठा हात होता. तो अजून गेलेला नाही. बेताच्या पैशांत स्पीकर घेणाऱ्याने आधी खोके उघडून स्पीकरची पाठ वाचावी.

पाठीवर नसणारा आणि माहितीपत्रकात कुठेतरी तळाशी सापडणारा कामाचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, ते यात कळते. घरगुती स्पीकरांत तो साधारण ८३ ते ९० असतो. ऐकायला फरक किरकोळ, पण हिशेब वेगळा आहे. तीन डेसिबल वाढवायला वीज दुप्पट लागते, दहा वाढवायला दहापट, आणि ही दहापट कानाला जेमतेम दुप्पट वाटते. त्यामुळे ८९ च्या स्पीकरचे जे काम पंचवीस वॅटच्या अॅम्प्लिफायरमध्ये होते, त्यासाठी ८३ चा स्पीकर शंभर वॅट मागतो. जेवणे आटोपल्यावर बैठकीच्या खोलीत लावलेली ठुमरी बराच वेळ एका वॅटच्या आतच चालू असते. उरलेले वॅट तबल्याच्या एखाद्या जोरकस थापेपुरते लागतात.

मग सगळेच स्पीकर ९० चे का करत नाहीत, याचे उत्तर अमेरिकन अभियंता हॉफमन याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमात आहे. पेटी लहान हवी, खर्ज खोल हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाज हवा. यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, तिसरी सोडावी लागते. भौतिकशास्त्राचा हा नियम पैशाने वाकत नाही. पैसा टाकला की मोठा अॅम्प्लिफायर आणून त्याला फार तर चुचकारता येते. स्वस्तात छोटा, दणदणीत आणि खोल खर्जाचा स्पीकर मिळाला असे वाटले, तर बहुधा ८०-१०० हर्ट्झपाशी मुद्दाम फुगवलेला एक उंचवटा कानाला खोल खर्ज म्हणून विकलेला असतो. तो पहिल्या दिवशी आवडतो. आठवड्याभरात प्रत्येक गाण्याखाली तोच एक ‘धुम्म’ ऐकू येऊ लागतो.

तेव्हा खर्ज किती हवा, हे आपण काय ऐकतो यावर ठरवावे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मधला षड्ज १३८ हर्ट्झच्या जवळपास येतो, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ वर. काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज ११६ ला थांबतो. डग्ग्याची घुमक साधारण याच शेजारात राहते. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचे सोळा फुटी नळे ३२ हर्ट्झपर्यंत उतरतात, नाचाच्या संगीतातला सिंथेसायझरही तिथवर जातो. पण ख्याल, नाट्यगीत, भावगीत, गझल आणि जुनी चित्रपटगीते यांना साठच्या खाली फारसे काम नसते. पाच-साडेपाच इंची वूफरची एक बऱ्यापैकी जोडी तेवढे उतरते. सबवूफर नावाचा वेगळा डबा आणि त्याचे पैसे अशा ऐकणाऱ्याला सहज वाचवता येतात. शिवाय कानही मदतीला येतो. मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या वरचे उपस्वर नीट पोचले, की मेंदू तो मूळ स्वर आपल्या पदरचा घालतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून तानपुऱ्याचा खर्ज ‘ऐकणाऱ्या’ पिढ्या अर्ध्याअधिक अशा उधारीच्या खर्जावरच वाढल्या.

वाचलेले पैसे मधल्या पट्टीत घालावेत. दोन घटकांच्या स्पीकरमध्ये खालचे स्वर वूफर काढतो, वरचे ट्वीटर. दोघांमधला सांधा बहुधा २००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान येतो. कान नेमका याच भागात सर्वांत तिखट असतो, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धारही याच्या आसपासच असते. स्वस्त स्पीकरांत हा सांधा एखाददुसऱ्या कपॅसिटरवर उरकलेला असतो. मग गायकाचा आवाज छातीतून एका जागेवरून आणि दातांतून दुसऱ्याच जागेवरून आल्यासारखा वाटतो. एकच घटक असलेला साधा फुल-रेंज स्पीकर वर-खाली दोन्हीकडे तोकडा असतो, पण त्यात हा सांधाच नसतो. ज्याला गळा ऐकायचा आहे, त्याने त्याला कमी लेखू नये.

आता पेटी. ध्वनिवर्धकाचे आजचे रूप, म्हणजे चुंबकात अडकवलेली तारेची गुंडाळी आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू, जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये मांडले. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही लाटा मोकळ्यावर भेटल्या, की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला, तर तो पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा किरकिरतो तो यामुळे. मागची लाट कोंडायची, एवढ्यासाठीच पेटी. १९५४ मध्ये एडगर विल्चर याने अमेरिकेत एआर-१ हा स्पीकर आणला. त्यात कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखे राबवून त्याने कपाटाएवढ्या पेट्यांचा खर्ज फळीवर मावेल एवढ्या पेटीत बसवला.

भारतात हा प्रश्न पुष्कळांनी माठाने सोडवला. मोडक्या रेडिओतून निघालेला सहा किंवा आठ इंची स्पीकर तोंड वर करून माठावर ठेवायचा, वायर टेपरेकॉर्डरला जोडायची, झाले. सलून, चहाची टपरी, गॅरेज, वसतिगृहाची खोली, शेतावरचे पंपघर अशा ठिकाणी सत्तर-ऐंशीच्या दशकांत हा माठ हमखास दिसे. थोडा हौशी माणूस माठाच्या गळ्याला भोक पाडून वायर आतून घेई, काठावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवी, म्हणजे स्पीकर खडखडत नसे आणि फटीतून हवाही निसटत नसे. त्याहून हौशी माणूस माठ ऑइलपेंटने रंगवून वर मोर काढी.

याला अडाणी जुगाड म्हणून हसणारे लोक ध्वनिशास्त्रात कच्चे असतात. आरसीए कंपनीतील हॅरी ओल्सन याने एकच स्पीकर निरनिराळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून मोजमापे घेतली आणि १९५१ मध्ये ती प्रसिद्ध केली. गोल, घन, दंडगोल, शंकू, पिरॅमिड असे सगळे आकार त्यात होते. सर्वांत सपाट, चढउतार नसलेला आवाज दिला तो गोलाने. सर्वांत ओबडधोबड निघालेल्यांत होता मधोमध स्पीकर बसवलेला घन. कारण सरळ आहे. आवाज पेटीच्या पृष्ठावरून पसरत कडेशी पोचला, की कड त्याला पुन्हा फेकते, आणि हा फेकलेला आवाज मूळ आवाजात उशिरा मिसळून काही स्वर फुगवतो, काही पोखरतो. चौकोनी पेटीला अशा कडा असतात, माठाला एकही नसते. सुतार मात्र चौकोनच जोडतो, ट्रकमध्ये चौकोनच रचला जातो, आणि म्हणून जगभरचे बहुसंख्य स्पीकर चौकोनी आहेत. दिवाणखान्यातही तो फळीवर नीट बसतो, हा मुद्दा गृहिणीच्या बाजूचा, आणि तो कुठल्याही आलेखापेक्षा वरचढ ठरतो.

माठाची दुसरी जमेची बाजू त्याची वक्र, ताठ भिंत. पातळ प्लायवूडची मोठी सपाट फळी स्वतःच थरथरते आणि आपला आवाज गाण्यात घुसडते. भाजलेल्या मातीचा घुमट तसा हलत नाही. पंधरा लिटरचा माठ आजच्या भाषेत मध्यम बुकशेल्फ स्पीकरएवढा भरतो, आणि त्याची किंमत कुठल्याही सुताराच्या मजुरीहून कमी. उणिवाही आहेत. माठ घेताना गिऱ्हाईक बोटाने टिचकी मारून खणखणीत वाजणारा निवडते. स्पीकरसाठी तोच खणखणाट दोष ठरतो. आत कापूस किंवा जुन्या गोधडीचे तुकडे सैलसर भरले की आतला घुमारा बराच आवरतो. तोंड छताकडे असल्याने डग्गा खोलीभर पोचतो, पण झांजांची आणि तंतकाराच्या नखीची धार वर निघून जाते. शंकूत धूळ, पाली आणि एखादी सुपारी पडते ती वेगळीच. आज एखाद्याने साठ-सत्तर वॅटचा बरा फुल-रेंज घटक आणि कुंभाराकडचा जाड बुडाचा माठ घेऊन आडवा बसवला, तोंड ऐकणाऱ्याकडे केले, तर बाजारातल्या पुष्कळ चकचकीत डब्यांची खोड मोडेल. युरोपात गोल आकाराचे स्पीकर चांगल्या चढ्या भावात विकले जातात, हे इथे कुंभारांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

पेटीनंतरची पेटी म्हणजे खोली, आणि ती फुकट मिळते. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झची लाट समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून राहते, दहा फुटांत ५६ ची. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत या दोन उंचवट्यांची जागा आधीच ठरलेली असते. दहा बाय दहाची खोली आणि छतही दहा फुटांवर असेल, तर तिन्ही दिशांचे उंचवटे एकावर एक चढतात आणि एकच खालचा स्वर घर डोक्यावर घेतो. अशा खोलीत बरोबर मधोमध बसणाऱ्याला तोच स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही. भिंतीला पाठ लावून बसलेल्याला तो नको इतका येतो. स्पीकर भिंतीला टेकवला की खर्ज वाढतो, कोपऱ्यात नेला की आणखी वाढतो. लहान स्पीकरवाल्याने याचा फायदा घ्यावा, घुमणाऱ्या स्पीकरवाल्याने तो हातभर पुढे ओढावा. ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे. जमिनीवर ठेवलेला स्पीकर गुडघ्यांना गाणे ऐकवतो. फरशी, काच आणि उघडी भिंत असलेल्या नव्या फ्लॅटपेक्षा पुस्तकांचे कपाट, सतरंजी आणि गाद्यांचा ढीग असलेली खोली बरी वाजते.

दोन स्पीकर हवेतच का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मोनो आहेत. त्यांत डावे-उजवे काही नाही आणि वरच्या टोकाचे स्वरही फारसे नाहीत. ज्याचे ऐकणे मुख्यतः हे आहे, त्याने जोडीच्या पैशांत एकच चांगला स्पीकर घ्यावा. पाच-सहा डब्यांचा होम थिएटर संच मात्र गाण्यासाठी घेऊ नये. तेवढीच रक्कम सहा ठिकाणी वाटली की एकाच्याही वाट्याला धड काही येत नाही. आतच अॅम्प्लिफायर असलेली पॉवर्ड जोडी आज बहुतेकांना परवडते आणि जोडाजोडीची भानगडही उरत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ऐकायला गेले, की दुकानदाराने धडधडणारे काहीतरी लावावे हे ठरलेले. दोन स्पीकरांत ज्याचा आवाज किंचित मोठा, तोच कानाला चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना आधी दोघांचा आवाज सारखा करून घ्यावा. डोळेही फसवतात. कॅनडात ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल याने पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा ऐकणाऱ्यांची पसंती बरीचशी एकसारखी निघाली, सपाट आणि समतोल आवाजाच्या बाजूने. पुढे १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी काही स्पीकर पडद्याआड आणि उघडे अशा दोन्ही प्रकारे ऐकवले, तेव्हा नाव, आकार आणि रूप पाहून मते बदलली. मित्राला बरोबर न्यावे आणि पाठ फिरवून ऐकावे.

ऐकायला तानपुरा लावावा, मिरजेचा असेल तर उत्तम. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे स्थिर राहणारे उपस्वर उमटू नयेत असा नियम आहे. तानपुऱ्यात ते उमटतात, आणि घोडीचा वक्र माथा व त्यावरचा जिवाळीचा दोरा यांच्याशी त्याचा संबंध आहे हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले. हे उपस्वर खर्जापासून थेट ट्वीटरच्या मुलखापर्यंत सलग चढतात. सांधा वाईट असेल तर उपस्वरांची ही झळाळी, म्हणजे जवारी, मध्येच तुटते, आणि फुगवलेला उंचवटा असेल तर एकच तार बाकीच्यांवर ओरडते. त्यानंतर फक्त बोलण्याची ध्वनिफीत लावावी. ओळखीच्या माणसाला सर्दी झाल्यासारखी वाटली तर तो स्पीकर सोडावा.

जुना स्पीकर घेतला तर त्याच पैशांत एक पायरी वरचा मिळतो. शंकूभोवतीची कड फोमची असेल तर ती दहा-पंधरा वर्षांत, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याआधीही, भुगा होते. रबराची जास्त टिकते. बोटाने कड हलकेच दाबून पाहावी. चिकट लागली किंवा बोटाला काळे आले तर दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगावेत. मग दोन्ही हातांची बोटे शंकूवर समान अंतरावर ठेवून तो सरळ आत दाबावा. आतून खरखर आली तर गुंडाळी चुंबकाला घासते आहे, आणि तो स्पीकर फुकट मिळाला तरी महाग.