तू पुढे चाल

आमचं नांदुरा म्हणजे सपाट काळी जमीन. उंच काय, तर हायवेवरचा १०५ फुटी मारुती! त्यामुळे २००८ साली पुण्यातल्या एका ग्रुपबरोबर राजगड-तोरणा असा दोन दिवसांचा ट्रेक ठरला तेव्हा मनात म्हटलं, चालायचंच तर आहे.

राजगड चढतानाच टाचेला फोड आला. कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याची वाट धरली. पुढचे थांबायचे, पाणी प्यायचे आणि मी धापा टाकत पोचलो की उठून चालू लागायचे. म्हणजे विश्रांती त्यांना, मला नुसती चाल! शेवटी एका ठिकाणी बसलो तो उठवेचना.

लीडर काका रागावले नाहीत. फोडावर पट्टी लावली आणि म्हणाले, "आता तू पुढे चाल. याच्यापुढे कोणी जायचं नाही रे."

बुधला माचीपर्यंत अख्खा ग्रुप माझ्या चालीनं आला. लाज वाटली, पण हळू चालण्याची नाही, फोड लपवल्याची.

आता गावी गेलो आणि सगळे मिळून शेगावला पायी निघालो, की मी बाबांना पुढे ठेवतो.