काटा आणि आकडे

आमचे तीर्थरूप दादा मोटार तासाला तीस मैलांच्या वर कधी हाकीत नसत. बालाघाटातील आमच्या परिचितांत त्यांचा हा नेम थट्टेचा आणि आदराचाही विषय होता. मोटार १९५८ सालची फियाट अकराशे, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. दादांनी ती जुनीच विकत घेतली होती. त्यांच्या पश्चात ती आमच्याकडे आली. तिची वेगाची तबकडी अद्याप मैलांचीच आहे. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली आणि पुढे रस्त्याकडेचे दगडही किलोमीटरांचे झाले. दादा मात्र अखेरपर्यंत मैलांतच विचार करीत.

गेल्या हिवाळ्यात तबकडीवरील काटा थरथरू लागला. मीटरची तार कोरडी पडली असल्याचे मिस्त्रीने सांगितले. गिअरपेटीपासून तबकडीपर्यंत ही तार नळीच्या आत गरगर फिरत असते. आम्ही ती बाहेर काढून रॉकेलने धुतली आणि तिला ग्रीजचा पातळ हात दिला. तबकडीकडील चार बोटे मात्र कोरडीच ठेवली, कारण फिरत्या तारेबरोबर ग्रीज वर चढून यंत्रात शिरते. थरथर थांबली. परंतु मास्तरकीची खोड म्हणा, स्थिर झालेला काटा खराही आहे काय, अशी शंका मनात आली.

पडताळा सोपा होता. तीस मैल म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. त्या गतीने दोन दगडांमधील एक किलोमीटर ओलांडण्यास पंचाहत्तर सेकंद लागावयास हवेत. एका रविवारी पहाटे गोंदियाच्या सपाट रस्त्यावर चिरंजीव घड्याळ घेऊन शेजारी बसले. काटा तिसावर धरून आम्ही ओळीने पाच किलोमीटर मोजले. सरासरी निघाली पासष्ट सेकंद! म्हणजे काटा तीस दाखवीत असता मोटार चौतीस मैलांहून किंचित अधिक धावत होती. नवल असे की, तबकडीतील अंतराचे आकडे मात्र अचूक होते; दगडांच्या सोळा किलोमीटरांस ते बरोबर दहा मैल सरकले.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ते तीस म्हणायचे, ते खोटंच का रे?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

यंत्र सोडवून आम्ही नागपुरास, जुनी मीटरे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे नेले. त्यांनी ते उघडून दाखविले. ही युक्ती ओटो शुल्झे या जर्मन गृहस्थाची, १९०२ सालची. तारेच्या टोकाशी एक चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. दोहोंचा स्पर्श नाही. परंतु फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात व ती त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक कमान तिला उलट खेचते. ही ओढाताण जेथे बरोबरीस येते, तेथे काटा थांबतो. वयोमानाने चुंबक क्षीण झाला की ओढ कमी पडते आणि काटा मागे राहतो. अंतराचे आकडे दातेरी चाकांवर चालतात; त्यांचा चुंबकाशी संबंध नाही.

आम्ही भाबडेपणाने विचारले, "काटा उपटून चार घरे पुढे बसविला तर?" कारागीर हसले. "एका ठिकाणी खरा होईल, साहेब, बाकी सगळीकडे खोटा." त्यांनी वेटोळ्यातून वीज सोडून चुंबकास पुन्हा बळ दिले, कमानीचा ताण नेमका केला आणि यंत्र ठरावीक गतीच्या मोटारीवर लावून काटा तपासला. मैलागणिक तारेचे हजार फेरे ठरलेले असतील, तर मिनिटास पाचशे फेऱ्यांवर काटा तिसावर यावयास हवा, हा त्यांचा हिशेब. वीस, तीस, चाळीस, पन्नास, सर्वत्र मेळ बसल्यावरच त्यांनी काच लावावयास घेतली.

तेवढ्यात त्यांनी विचारले, "आकडे शून्यावर आणून देऊ का? पुष्कळ लोक करवून घेतात." आम्ही नको म्हटले. त्या आकड्यांत आईला दवाखान्यात नेल्याचे मैल होते, आमच्या भगिनीस सासरी पोहोचविल्याचे होते. तेवढे तरी निर्विवाद खरे होते.

घरी येऊन आईस सांगितले, "दादा खोटे बोलत नव्हते. काट्याने सांगितले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. नेम त्यांचा खराच होता." ती म्हणाली, "मग आता तू खऱ्या तिसानं चालव."

आता काटा तिसावर असता दोन दगडांमध्ये पंचाहत्तर सेकंद लागतात. चिरंजीवांस ती फार वाटतात.