बऱ्हाणपूरला, मांडे खायला

आमच्या घरात प्रवास तीन कारणांनी होतो : लग्न, मयत आणि दवाखाना. मागच्या आठवड्यात मी चौथे कारण काढले, तेव्हा तांदूळ निवडणाऱ्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, थांबल्या. "दोन दिवस फक्त खायला जायचं? लोक काय म्हणतील!"

हो, खायलाच. जळगावहून बऱ्हाणपूर काही लांब नाही. भुसावळच्या पुढे रेल्वेने साधारण तासाभराचा रस्ता. मरहूम अब्बा केळीच्या व्यापारानिमित्त तिथे जात आणि येताना कापडात गुंडाळलेले मांडे आणत. खानदेशातले खापरावरचे पुरणाचे मांडे सर्वांना ठाऊक आहेत, हे वेगळे. यात पुरण नसते. सैल मळलेला गोळा हातांवर झुलवत झुलवत ओढणीसारखा पातळ करतात आणि उलट्या कढईवर टाकतात. सालनाबरोबर खायचे. घरी येईपर्यंत ते गार होत. मग अम्मी पाण्याचा हात लावून तव्यावर गरम करत, सर्वांना वाढत आणि उरलासुरला तुकडा ओट्याशी उभ्यानेच खात. तीस वर्षे बऱ्हाणपूरचे मांडे खाल्लेल्या या बाईने कढईवरून नुकता उतरलेला एकही मांडा खाल्लेला नाही. माझा सगळा बेत त्या एका मांड्यासाठी आहे.

बाकीचे त्याच्या भोवती बसवले आहे. उन्हाळा टाळायचा, म्हणून हिवाळ्यातला शनिवार. लॉजची खोली तळमजल्यावरची, कारण अम्मींचे गुडघे. गाडीत घरची भाकरी आणि ठेचा. जोहरची नमाज हे आणि मुलगा जामा मशिदीत पढतील. फारुकी सुलतानांच्या काळातल्या या मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. मुलाला तो दाखवायचाच आहे. शहराला ज्यांचे नाव मिळाले त्या हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा मजार आपल्या खुलताबादला आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवले आहे. त्यानंतर आराम, आणि मगरिबनंतर पोटात पूर्ण जागा ठेवून मांडे.

रविवारी सकाळी शाही किल्ल्यातला हमाम. त्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. मुमताज महलचा इंतकाल १६३१ मध्ये याच शहरात झाला आणि तिची पहिली कबर तापीपलीकडे जैनाबादेत होती. ताजमहालासमोर फोटो काढून आलेल्या आमच्या किती नातेवाइकांना हे माहीत असेल, कोण जाणे. सातपुड्याचे पाणी जमिनीखालून, एकमेकींना जोडलेल्या कुंड्यांतून शहरात आणणारा मुघलांच्या काळचा कुंडी भंडारा बघायची माझी फार इच्छा होती. पण खाली उतरणे अम्मींना जमायचे नाही आणि त्यांना वर एकटे बसवून मला पाणी बघायचे नाही. तो यादीतून काढला.

खरी अडचण मावा जलेबीची. रमजानमध्ये मुंबईत मिनारा मशिदीच्या आसपास बऱ्हाणपुरी जलेबीवर गर्दी पडते, ती हीच : जाड, गडद, आतून गुलाबजामसारखी मऊ. आणि अम्मींना साखरेचा आजार. डॉक्टरांना स्पष्टच विचारले. ते हसले आणि अर्ध्या जलेबीवर तडजोड झाली, तीही जेवणाला जोडून नाही. म्हणून जलेबीला स्वतंत्र वेळ दिली आहे : रविवारी असरनंतर, परतीच्या गाडीआधी. रवा, तूप, साखर घोटून केलेला दराबा फक्त शेजाऱ्यांसाठी बांधून घ्यायचा.

अम्मींचा दुसरा आक्षेप फिजूलखर्चीचा होता, आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले. चौघांत दोनच थाळ्या मागवायच्या, संपल्या तर पुढची. ताटात काही टाकायचे नाही. बाजारात साड्यांच्या दुकानात शिरायचे नाही. बेरीज झाली तेव्हा दिसले, की मागच्या महिन्यात एका वलिम्याला जाऊन-येऊन याहून जास्त पैसे गेले होते. तिथली बिर्याणी तर गारच होती.

अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सूप बाजूला ठेवून विचारले, "तिथं मांडे बाया करतात की पुरुष?"

"बाजारात बहुतेक पुरुषच."

"आणि वाढतात कोण?"

"तेच."

"मग बघायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या. "तिकीट खालच्या बर्थचं काढ."