धुळीचं गाव कुठलं?

प्रवासाची दैनंदिनी : बेळगाव ते निपाणी

सोमवार, बेळगाव

बस पावणेदोन तास उशिरा. लॉज ७००, दोघांचं जेवण २४०, पाणी ४०. दोघांचेही घसे बसलेले.

भूगोलाच्या बाई आणि त्यांचा जुना विद्यार्थी संध्याकाळी जांभ्याच्या एका कुंपणापाशी थांबले. पांढरा रुमाल दगडावरून फिरवला तर तांबडा डाग उमटला. बेळगाव जांभ्यावरच वसलंय. ही धूळ गावचीच, ते कळायला भिंग लागलं नाही.

मंगळवार, गोकाक

बस पुन्हा उशिरा. चहा ३०. घसा तसाच.

धबधब्याला पाणी नव्हतं, म्हणून ५२ मीटरचा कडा उघडा दिसला. घटप्रभा नदी जिथून खाली पडते तो कलादगीचा वालुकाश्म, जवळजवळ सगळा क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. इथून पश्चिमेला निपाणीकडे गेलं की दगड बदलतो. तो बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या घडणीत क्वार्ट्झ सहसा नसतो.

बाई या प्रवासाला निघाल्या त्या एवढ्याच धाग्यावर. बेसाल्टच्या डोंगरमाथ्यावर क्वार्ट्झचा कण सापडला, तर तो बाहेरून आला असण्याची शक्यता मोठी. हवाई बेटांवर असंच घडलं. चहूकडे महासागर, खाली बेसाल्ट आणि तरीही मातीत क्वार्ट्झ. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण तपासल्यावर गेल्या शतकात उलगडा झाला, की तो आशियाच्या कोरड्या प्रदेशातून वाऱ्यावर आलेला आहे.

निपाणीत मात्र पेच आहे. हिवाळ्यात तिथे वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो आणि पूर्वेला गोकाक आहे. परदेशी कण शोधण्याआधी शेजारचा कण ओळखायला हवा, म्हणून इथली चिमूटभर वाळू पुडीत बांधून घेतली.

बुधवार, निपाणी

वखारीच्या दारातच तंबाखूचा खकाणा नाकात गेला आणि ठसका लागला. पायरीवर पदराने नाक बांधून एक मावशी बसल्या होत्या. बाई खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ कागदावर घेताहेत हे बघून त्यांनी विचारलं, "ताई, काय हुडकायला लागलाय?"

बाईंनी सांगितलं. मावशींनी कागद हातात घेतला, चिमूट चोळली, हुंगली. "ह्यो वखारीचा. वास घ्या की." मग विद्यार्थ्याने छपरावरून आणलेली पुडी उघडली. "ह्यो रानातला. काळा हाय, बोटाला चिकटतोय बगा." तिसरी पुडी हायवेच्या कडेची होती. ती चोळून त्या म्हणाल्या, "ह्यात सिमीट हाय."

तिन्ही उत्तरं बरोबर निघाली. तंबाखूच्या चाळणीवर बसून मावशींची उमर गेली होती. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांच्या लढ्यावर 'युगांतर' गटाने १९८२ साली माहितीपट केला. त्या काळातल्या मोर्चांत मावशीही चालल्या होत्या. बोलताना त्यांना सारखा खोकला येत होता. धूळ कुठून आली हे विचारताना ती कुणाच्या छातीत जाते हेही लिहायला हवं, असं बाई रात्री म्हणाल्या आणि तो खोकला वहीत लिहून ठेवला. मावशींनी दिलेल्या भाकरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

गुरुवार, निपाणी

काम नाही. घशाचं औषध ८५, लॉज ६००. दुपारभर झोप.

शुक्रवार, तवंदी घाट

हायवे सोडून दूरच्या माथ्यावर चढले. कातळात एक उथळ खळगा होता. त्याच्यावर डोंगर नाही आणि ओढाही नाही, तेव्हा त्यात साठलेलं बहुतेक वाऱ्याने आणलेलं किंवा त्याच कातळातून झिजलेलं. चमचाभर माती ताटलीत धुतली. लोहचुंबक फिरवताच काळे कण उडी मारून चिकटले. तो बेसाल्टमधला मॅग्नेटाइट. उरलेल्यात भिंगाखाली काचेसारखे स्वच्छ कण चमकले. आम्लाचा थेंब टाकला तरी फेस आला नाही, म्हणजे ते चुन्याचे नव्हते; क्वार्ट्झच असावेत.

विद्यार्थी हरखला. बाईंनी त्याला थांबवलं. भिंगातून सहज दिसतो तो कण हजारो किलोमीटर तरंगत येत नाही. इतका जाड कण वाऱ्यावर फार लांब टिकत नाही. लांबचा प्रवास करते ती साधारण २० मायक्रॉनच्या आतली धूळ. म्हणजे हे चमकणारे कण जवळचे. गोकाककडचे असतील, किंवा याच बेसाल्टच्या पोकळ्यांत मागाहून जमलेल्या गारेचे.

लांबून आलेलं काही असेल तर ते ताटलीतल्या गढूळ पाण्यात. ते पाणी बाटलीत भरलं.

शनिवार, निपाणी

दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या: जागा, तारीख, वाऱ्याची दिशा. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचं आकाश झाकोळलं होतं. त्यामुळे बारीक धूळ सह्याद्रीपर्यंत पोचते यात शंका नाही. इथे ती किती उतरते, हा प्रश्न आहे. त्यासाठी आणखी उंचावरची माती हवी. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची प्रयोगशाळा २०१२ पासून ढग आणि हवेतल्या कणांची मोजणी करते आहे. पुढचा हप्ता तिथल्या पठारांवरचा. गाडी पहाटे साडेपाचची आहे, आणि गोकाकची पुडी तुलनेसाठी बाईंच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवली आहे.