ते टेबल माझ्याकडे नाही

विद्यापीठ म्हटले की कुणाच्या डोळ्यांपुढे मुंबईचा राजाबाई मनोरा उभा राहतो, कुणाच्या पदवीदान समारंभातले झगे. आमच्या विद्यापीठाला मनोरा नाही. माझ्या डोळ्यांपुढे येते ती एक जाळीची खिडकी आणि तिच्यामागून आलेले वाक्य, 'ते टेबल माझ्याकडे नाही.'

पदवी प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढायला गेलो तेव्हा हे वाक्य मी तीनदा ऐकले. चौथ्या टेबलाशी बसायला स्टूल मिळाले; आणि स्टुलावर बसलेल्या माणसाला परक्या घराचा कुळाचार आपोआप कळू लागतो.

घराचे यजमान कुलगुरू. दप्तर आणि मोहोर सांभाळणारे कर्ते मात्र कुलसचिव. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे कारकून-शिपायांना नेमण्याचा आणि शिक्षा करण्याचा अधिकार त्यांचा; त्यावर अपील कुलगुरूंकडे. त्यांच्या हाताखाली उपकुलसचिव, सहायक कुलसचिव, कक्षाधिकारी अशी उतरंड. परीक्षांची चूल वेगळी, तिला संचालक वेगळे. पैशाची पेटी वित्त व लेखा अधिकाऱ्यांकडे. म्हणजे 'टेबल माझ्याकडे नाही' म्हणणारा दरवेळी टाळतच असतो असे नाही. पुष्कळदा ते खरोखरच त्याच्याकडे नसते!

माझ्या पुढे एक मुलगी उभी होती. पहाटेच्या एस.टी.ने आलेली. प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावात एक अक्षर चुकले होते आणि सोमवारी नोकरीसाठी कागद तपासणी होती.

"सर, एवढे एकच अक्षर. पेनाने करून द्या ना."

"ताई, मी पेनाने केले, तर उद्या कुणीही पेनाने करील. मग तुमच्या कागदाला कोण विचारणार?"

मुलीचे डोळे भरले. मला त्या गृहस्थांचा रागच आला होता. पण उत्तर ऐकून थोडा विरला. त्यांनी जुने रजिस्टर काढले, अर्जाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले आणि टिपणी लिहायला घेतली. टिपणी वर जायची, वरून मान्यता यायची, मग दुरुस्तीचे पत्र. कक्षाधिकारी रजेवर. सहा खुर्च्यांपैकी दोन रिकाम्या. तिसरीवर अकरा महिन्यांच्या करारावरचा पोरगा, ज्याला सही करण्याचा अधिकार नव्हता. आणि फाईल नेणाऱ्या शिपायाची जागा भरलेलीच नव्हती.

गृहस्थ उठले. फाईल काखेत मारून स्वतःच जिना चढले.

भिंतीवर अंगठ्याने हजेरी घेणारे यंत्र होते. पूर्वी मस्टरवर लाल शाईची खूण होत असे, आता यंत्र मिनिट सांगते. हा मनुष्य सकाळी किती वाजता आला हे त्याला नक्की ठाऊक. दुपारी तो तीन मजले कुणासाठी चढला याचा रकाना त्यात नाही. गोपनीय अहवालात तरी असेल का, कोण जाणे! वरिष्ठ वरच्या मजल्यावर बसणार आणि खिडकीपाशी काय घडते ते कागदावरून ओळखणार, ही व्यवस्थाच मला चमत्कारिक वाटते. महिन्यातून एक दिवस साहेबांनी स्टुलावर बसावे.

तासाभराने ते परतले. पत्रावर सही होती, शिक्का होता. मुलीने ते दोनदा वाचले, वाकून नमस्कार करू लागली, तर ते "अहो, गाडी चुकेल" म्हणून खेकसलेच.

चार वाजत आले होते. त्यांनी खणातून डबा काढला, गार झालेल्या पोळीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे पाहिले.

"काका, तुमचे काय काम होते?"