टाकीचा हात

काळा दगड टाकीखाली काळा राहत नाही. घाव पडला की राखाडी, घासला की पुन्हा काळा. माझं सगळं भांडण त्या राखाडीशी. मूर्तीचा चेहरा घासून काढायचा आणि पाठ, केस, पायाशी असलेला खडक टाकीचाच ठेवायचा, ही माझी रीत.

टाकी उभी पडली तर दगड आतून दुखावतो. वर काही कळत नाही. पॉलिशला बसलं की पांढरा डाग उठतो, आणि तो काढायला सगळी पातळी खाली न्यावी लागते. फार आडवी धरली तर नुसता ओरखडा. मधल्या तिरपेपणात कपची उडते, खळगी स्वच्छ पडते, काठ सावली धरतो. पण अशा खळग्या नेमक्या रांगेत आल्या की पाठ मरते. मुद्दाम वाकड्या पाडल्या की ढोंग दिसतं. खांद्यावरून उतरताना घाव लांबट हवेत, कमरेशी आखूड, दाट. हे दर मूर्तीला नव्याने शोधावं लागतं.

आता अंगठा बधिर होतो, म्हणून पाठ शिष्याकडे दिली. त्यानं ग्राइंडरनं सगळी साफ केली आणि विचारलं, "सर, आता रफ कुठं कुठं करू?" मी टाकी परत घेतली. हल्ली रिसॉर्टच्या बागांतले बुद्ध असेच होतात: आधी गुळगुळीत, मग वरून ठोकून खरखरीत. आकार ज्या वाटेनं आला त्या वाटेचा खडबडीतपणा खरा. नंतर चढवलेला खोटा. यावर मी कुणाशीही वाद घालीन.

फ्लॉरेन्समधल्या मायकेलअँजेलोच्या अपुऱ्या गुलामांच्या अंगावर दातेरी छिन्नीच्या रेघा आहेत. संगमरवराला ते जमतं. आमच्या दगडात ते दात टिकत नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे हा. अजिंठ्याच्या लोकांनी तो टोकदार टाकीनंच खोदला आणि भिंती खडबडीत ठेवल्या, म्हणून माती-भुशाचा गिलावा त्यांना धरून राहिला. चित्रांचं कौतुक सगळे करतात. त्या भिंतीचं कुणी करत नाही, याचा मला राग येतो.

त्या रागात माझा अहंकारही आहे. प्रदर्शनात मी मूर्ती भिंतीपासून लांब ठेवायला लावतो. लोक चेहऱ्याचे फोटो काढतात तेव्हा मला काही वाटत नाही. कुणी मागे जाऊन पाठीवर हात फिरवला की छाती भरून येते. ती पाठ माझी म्हणून ओळखली जावी, ही हाव या वयातही सुटलेली नाही.

अजिंठ्याला गेलात तर सतराव्या लेण्यातली चित्रं बघून परत फिरू नका. पुढे चोविसावं आहे, अपुरं राहिलेलं. तिथले अर्धवट खांब उजेड तिरपा पडत असताना जवळून बघा. खोदणाऱ्याचा हात तिथे अजून दिसतो.